हार माझी

त्या दिवशी बंगल्याच्या फाटकात कोण कोण हुतं ते आदी सांगती. बापू वॉचमन हुता. दत्तू डायवर हुता. मिलच्या कांडीखात्यातली शांता आन् तिची जाऊ फुला, दोघी पाळी सुटल्यावर तशाच आल्या हुत्या, केसात कापूस घेऊन. आमचा दादा, म्हंजी माझा थोरला भाऊ, साताऱ्यासनं पयल्या यष्टीनं आला हुता. साहेब हुते. मिलमधली आणीक धा-ईस माणसं हुती, त्यांची नावं आता सांगता याची न्हाईत. मी हुती. आन् समद्यांच्या मधी बाई.

ह्यातलं आता मी आन् फुला उरलोय. फुलाला आयकू येत न्हाई. म्हणून मीच सांगती.

बाई म्हंजी साहेबांची बायको. स्वीडन म्हणून देश हाय, तितनं साहेब नवी मशिनं बसवायला माधवनगरच्या मिलमधी आलेले. बाईंचं नाव आमच्या जिभंवर कवा बसलंच न्हाई. आमी बाई म्हणायचो. रस्त्यावरची माणसं घसरबाई म्हणायची, आन् त्याला कारण हुतं.

तांबडं फुटायच्या टायमाला बाई पायात दोन लांब फळ्या बांधायच्या. फळ्यांला खाली बारकी चाकं. दोनी हातात काठ्या. आन् सांगलीच्या रस्त्यानं आशा सुटायच्या की कुत्रीसुद्दा भुकायची इसरायची. एक पाय फुडं, हात मागं, दुसरा पाय फुडं. खर्र, खर्र, खर्र. बैलं बुजायची. मळ्यातनं भाजी घिऊन येणारा एक गाडीवान रोज वराडायचा, "आवं बाई, पाय मोडलं आसतील तर दवाखाना गाठा की! रस्त्यात काय कुबड्या घिऊन खेळताय?" बाई थांबून त्याला हात जोडायच्या. त्यांला वाटायचं, त्यो रामराम घालतोय.

त्या रस्त्याची खडी म्या फोडल्याली. दुष्काळात. माझा मालक मिलमधीच कामाला हुता. छातीत कापूस बसला, खोकून खोकून गेला. आष्ट्याला सासर, तर दिरांनी उंबऱ्यात उभं केलं न्हाई. पदरात दोन पोरी. दिसभर खडी फोडायची आन् सुकडी मिळायची ती पोरींला घालायची. रडली न्हाई. रडून खडी फुटत न्हाई. दुष्काळ सरल्यावर बापूनं मला बंगल्यावर कामाला लावून दिली. त्यो मला ताई म्हणायचा, म्हणून बाईबी ताईच म्हणाया लागल्या.

पयल्याच दिवशी बाईंनी माझा हात वढला, उलटा केला, तळव्यावरनं आंगठा फिरवला. मग आपला हात शेजारी धरला. त्यांच्या तळव्यालाबी घट्टं. गोऱ्या हाताला घट्टं म्या तवा पयल्यांदा बगितलं.

"ताई, तू काय?" बाईंनी इचारलं.

"खडी फोडली."

"मी काठी," बाई म्हणाल्या आन् हसल्या. तितनं आमचं जमलं.

बाईंला मराठी शिकायची लय हौस. पर एक खोड हुती. कुठलाबी शबूद कानावर आला की बोट दाखवून इचारायच्या, "तो? ती? ते?" मी सांगायची, दरवाजा तो, खिडकी ती, घर ते. बाई कपाळावर हात मारायच्या. "एका घरात तिघं? भांडण न्हाई होत?" मी म्हणायची, हुतंय की, कुठल्या घरात हुईत न्हाई. पाठ करायच्या, आन् बोलताना समदं उलटं. चहा आली. गाडी आला. एकदा मिलचा माणूस साहेबांला बोलवाय आला तर बाई दारातनं म्हणाल्या, "साहेब आंघोळीला गेली." त्यो माणूस जिन्यावरच बसला हसत. त्या दिसापास्नं मिलमधी साहेबांचं नाव 'गेली' पडलं. "गेली आली का रं?" म्हणून इचारायची माणसं.

साहेब म्हंजी गरीब गाय. मराठीचं एक अक्षर कळायचं न्हाई. कुणी काय बी म्हणू दे, मान हलवून "येस, येस" म्हणायचे. तुमची गाय मेली काय? येस, येस. फुडं जे घडलं त्याला ह्या येस-येसचाबी हात लागला, म्हणून सांगून ठेवती.

बाईंच्या खोलीत भितीवर एक फोटू हुता. चार बाया, डोक्यावर लोकरीच्या टोप्या, मागं समदं पांढरं. चौघी एकमेकींच्या गळ्यात हात टाकून हसत्यात. त्यातली दुसरी आमची बाई. त्यांच्या देशात बर्फावर पळायची शर्यत आसती, तसल्या फळ्या घालून. त्या बर्फाच्या फळ्यांला चाकं नसत्यात. चौघींची एक टोळी. पयलीनं रान तुडवत यायचं, दुसरीच्या पाठीवर थाप मारायची, मग दुसरीनं सुटायचं. बाईंनी मला हे माझ्याच पाठीवर थाप मारून समजवलं. मी पिठाचा हात घिऊन सैपाकघरातनं पळाली आन् दत्तूच्या पाठीत थाप घातली. त्यो बिचारा चहा पीत हुता.

पर हसण्यावारी न्यायची गोष्ट न्हवती ती. लगीन झालं, बाई ह्या उनाच्या मुलखात आल्या, आन् चौघीतली त्यांची जागा गेली. वय तिशीच्या फुडं. येत्या हिवाळ्यात तिकडं निवड हुती. त्यात पयल्या चौघीत आल्या तर टोळीत. न्हाई आल्या तर फळ्या कायमच्या खुंटीला. बाईंनी मला चार बोटं दाखवली. "ह्यात मी पाहिजे, ताई." म्हणून त्यो समदा खटाटोप. म्हणून उनात, धुरळ्यात, गाडीवानाच्या शिव्या खात घसरायचं. ज्या मुलखात बर्फ गोळेवाल्याच्या पेटीत आसतोय, त्या मुलखात बर्फाची तयारी.

खऱ्या फळ्या निराळ्या. लांब, वाकड्या नाकाच्या. बाई त्या दर आयतवारी खाली काढायच्या, पुसायच्या, त्यांला डांबरासारख्या वासाचं कायतरी लावायच्या. मला वाटायचं, देव हायत. दसऱ्याला मिलमधी मशिनींची पूजा झाली तवा म्याबी त्या फळ्यांला हळद-कुकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. बाई दारात येऊन उभ्या ऱ्हायल्या. माळेला बोट लावलं. "तो?" म्हटलं, ती माळ. "ती माळ," बाई म्हणाल्या. ही माळ ध्यानात ठेवा.

आयतवारी कवा कवा साहेब जीप द्यायचे आन् आमी साताऱ्याला जायाचो. यवतेश्वराच्या घाटात चढ चांगला हाय म्हणून. बाई घाट चढायच्या, दत्तू मागनं हळूहळू जीप न्यायचा. दादा साताऱ्यातच ऱ्हायचा. पलटणीतनं हवालदार हून सुटल्याला. काश्मीरला बर्फात पायाची तीन बोटं ठिऊन आला हुता. त्यानं बाईंच्या फळ्या बगितल्या आन् वळखल्या. मला म्हणाला, "आगं, हे आमच्याकडं वर चौकीत हुतं. ह्यावर चालत्यात." मग बाईंला आपल्या पलटणीच्या विंग्रजीत म्हणाला, "स्नो, मेमसाब, व्हेरी बॅड."

"स्नो व्हेरी गुड," बाई म्हणाल्या.

दादानं बूट काढून पाय दाखवला. बाईंनी पायाकडं बगितलं, लय येळ. मग मला इचारलं, "ताई, बर्फ... तो? ती?"

"तो."

"न्हाई," बाई म्हणाल्या. "बर्फ ती. आई."

दादानं बूट घातला, लेस बांधली, मग म्हणाला, "तिची बर्फ ती आसंल. आमचा मातुर तो हुता."

एकदा सांगलीकडच्याच एका गावाला जत्रा हुती, कुस्त्या हुत्या. बायामाणसं फडात जात न्हाईत. बाई जीपच्या टपावर चढून उभ्या ऱ्हायल्या, मी खाली जीप धरून. जोडीतला एक पडला. दुसऱ्याला माणसांनी खांद्यावर घेतला, फेटा बांधला, हलगी त्याच्या मागनं गेली. पडल्याला उठला, मांडीची माती झाडली, आन् एकटाच कापडं गोळा करत बसला. समद्या फडात बाई त्याच्याकडंच बगत हुत्या.

"त्याला काय?" बाईंनी इचारलं.

"त्याची हार झाली."

"हार. तो? ती?"

"ती."

"ती हार. त्याची हार. तुझी हार. माझी हार." बाई पाठ कराय लागल्या.

म्हटलं, "आवं, आसलं वंगाळ बोलू नगा. शर्यतीला जायाचंय."

"त्याच्याकडं कोण जाणार, ताई?"

"कोण जातंय? हरल्यालं माणूस मागच्या वाटंनं घरी जातंय."

बाई टपावरनं उतरल्या. म्हणाल्या, "आमच्यात पण. मागची वाट." हार, एवढा एक शबूद बाईंच्या डोक्यात पक्का बसला. दुसरं समदं चुकायचं, हे न्हाई चुकलं.

दिवाळी झाली आन् बाई गेल्या. म्या शेंगदाणं आन् गूळ बांधून दिला, बाई त्याच्यावरच पळायच्या. फळ्या फडक्यात गुंडाळून जीपच्या टपावर. निघताना चार बोटं वर केली. आमीबी समद्यांनी चार बोटं वर केली. बापूनं धा केली, त्याला काय कळलं न्हवतं.

शिवरात झाली, आन् बाई येणार आशी बातमी आली. बापूनं साहेबांला गाठलं. "साहेब, बाई शर्यत जिंकल्या न्हवं?" साहेब म्हणाले, "येस, येस."

झालं. बापूनं मिलभर केलं. आमच्या बाई जगात पयल्या आल्या. शांता-फुलानं सांगलीच्या पेठंतनं निशिगंधाचा आन् गुलाबाचा ह्यो एवढा मोठा हार आणवला. दादाला म्या निरोप धाडला, त्यो इस्तरीची कापडं घालून आला, छातीला बिल्ला लावून. जीप फाटकात थांबली. साहेब फुडनं उतरले. मग बाई उतरल्या. तोंड उनानं करपल्याल्या माणसागत काळं-तांबडं झाल्यालं. बर्फानंबी माणूस करपतंय, हे मला तवा कळलं. वाळून काटकी झाल्यालं आंग.

बापू वराडला, "हार! हार कुठं हाय?"

शांता वराडली, "आगं फुला, हार! हार आण!"

मागनं समदी माणसं, "हार! हार!"

बाई जितल्या तितं थांबल्या. एकेकाच्या तोंडाकडं बगत ऱ्हायल्या. मग माझ्याकडं आल्या. हळू इचारलं, "ताई, सगळ्यांना माहीत?"

"व्हय तर!" म्या म्हटलं. "समद्या मिलला ठावं हाय."

"हार?"

"व्हय बाई, हार."

बाईंनी मान खाली घातली. मान खाली गेली तशी दादानं फुडं हून हार गळ्यात घातला आन् कडक सलूट ठोकला. टाळ्या पडल्या. बाईंनी फुलांवर हात ठेवला. मान वर करून, समद्यांला आयकू जाईल आसं, म्हणाल्या, "हो. हार माझी."

जे हसू फुटलं! फुलानं पोट धरलं. "माझी न्हवं वं बाई, माझा! हार माझा!" बापू म्हणाला, "जग फिरून आल्या, मराठी हाय तितंच!" समदी एका सुरात बाईंला शिकवाय लागली, "हार माझा म्हणा! हार माझा!" मीबी त्यात हुती.

"न्हाई," बाई म्हणाल्या. "माझी." डोळ्यातनं पाणी चाललं हुतं. आमाला वाटलं, आनंदाचं हाय.

दादाला यष्टीत बसवाय गेली तवा त्यो म्हणाला, "जिंकल्यालं माणूस आशी मान घालत न्हाई गं." म्या म्हटलं, गप, तुझं कायतरीच. यष्टी गेली.

त्या दिसापास्नं सांगलीच्या रस्त्यावर खर्र-खर्र आयकू आलं न्हाई. गाडीवान फाटकात थांबून इचारायचा, "बाई आजारी हायत का वं?" त्यालाबी चुकल्यागत व्हायाचं. चाकाच्या फळ्या बाईंनी दत्तूला दिऊन टाकल्या, त्यानं पोरांला गाडा करून दिला. खऱ्या फळ्या खुंटीला. हार त्या फळ्यांवर अडकवल्याला. वाळला, काळा पडला, फुलं गळाय लागली. म्या झाडताना म्हटलं, "बाई, टाकू का?" बाई म्हणाल्या, "राहू दे. माझी." मी मनात म्हटलं, आजून माझी-माझाचा घोळ गेला न्हाई.

पावसाळ्याच्या तोंडाला साहेबांचं काम संपलं. सामान भरलं. दत्तूनं जीप चालू करून ठेवली. बाई मला घिऊन मागच्या पायरीवर बसल्या, आन् हाताची चार बोटं जुळवून धरली. आंगठा लांब केला.

"चार," बाई म्हणाल्या. "आणि ही मी."

पाचवी. त्या निवडीत टोळीत याया एका बाईनं मागं ऱ्हायल्या हुत्या. इतक्या उनातनं घसरून, एका बाईनं. म्या म्हटलं, "बाई, आंगठा तर आमचा. आमी जलमभर आंगठाच उठवतोय. आंगठाबी हाताचाच आसतोय." बाई हसल्या. मग एकेक शबूद हुडकत बोलाय लागल्या, जशी पायाखाली वाट बगून चालत्यात तशी.

"ताई, तू सांगितला, हरलेला माणूस मागच्या वाटेनी जातो. तू खोटी बोलली." आन् माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "माझ्या गावात स्टेशनवर कोणी न्हवता. आई पण न्हाई. मी मागच्या वाटेनी घरी गेली. इथं मी पुढच्या फाटकात. सगळे आले. दादा लांबून आला, सलाम केला. हार सांगितली, लाज न्हाई. मग हारला फुलं घातली. अशी माणसं मी बघितली न्हाई."

तवा माझ्या डोक्यात शिरलं.

फुलांचा हार बाईंला कुणी शिकवलाच न्हवता. म्या शिकवली ती माळ. हार त्यांला एकच ठावं, फडातली, त्या पडल्याल्या गड्याची. आमी फाटकात हार हार वराडलो, आन् बाईंला वाटलं आमाला समदं कळलंय. आन् बाई बरुबर बोलल्या. हार माझी. माधवनगरला आल्यापास्नं एकदाच काय ते बरुबर बोलल्या, आन् आमी त्यांला चुकवत हुतो.

म्या तोंड उघडलं. काय सांगायचं हुतं? बाई, हरलाय आसं कळलं आसतं तर फाटकात एक कुत्रं आलं नसतं? दादा साताऱ्यात झोपला आसता? बापूनं फाटक उघडून तोंड फिरवलं आसतं? बाईंचा हात माझ्या गुडघ्यावर हुता, घट्टं आता मऊ पडाय लागल्यालं. म्या तोंड मिटलं. दत्तूनं हारन वाजवला. बाईंनी आत जाऊन त्यो वाळल्याला हार फडक्यात बांधला आन् फळ्यांच्या बरुबर नेला.

त्या फुडं बाईंचं काय झालं ठावं न्हाई. मिल गेली, बंगला गेला, दादा गेला. माझ्या पोरींची लग्नं झाली, एक माझ्या आदी गेली. त्येबी सोसलं. पर हे एक मनातनं जात न्हाई. बाईंचं दुःख म्हणून न्हवं, ते त्यांनी सोसलंच आसंल. पर लांब तिकडं, बर्फात, एक म्हातारी बाई कुणाला तरी सांगत आसंल की हिंदुस्थानात एक गाव हाय, तितं हरल्याल्या माणसाला फुडच्या दारानं घेत्यात आन् फुलं घालत्यात. आन् आसं गाव न्हाई. आमी तसली माणसं न्हवतो.

मी एकदा करून बगितलं. बापूचा ल्योक पंचायतीच्या निवडणुकीत पडला. मी पेठंतनं हार घिऊन त्याच्या दारात गेली. त्याच्या बायकूनं हार गटारीत फेकला. "चेष्टा कराय आलीस व्हय गं म्हातारे?" लय बोलली. तिचं काय चुकलं न्हाई. एकटीनं केलं की चेष्टा हुती. चार माणसांनी केलं की रीत हुती.

म्हणून हे आयकणाऱ्याला माझं एवढंच मागणं हाय. तुमच्या आळीत कुणी हरून घरी आलं, शाळंतलं पोरगं आसू दे न्हाईतर म्हातारा आसू दे, तर फाटकात जावा. एकटं जाऊ नगा, चौघं मिळून जावा. हातात हार न्या. बाईंचं बोलणं खोटं पडू दिऊ नगा.